‘सुमनला वाटलं, आपण उगाच आलो’: इथे ‘आपण’ म्हणजे कोण?

प्रश्न इंदूरहून आला आहे. तृतीयपुरुषी कथेत लेखिकेने लिहिलं: ‘सुमनला वाटलं, आपण उगाच सराफ्यात आलो.’ वाचून मैत्रीण म्हणाली, निवेदन मध्येच प्रथमपुरुषात घसरलं, ‘ती उगाच आली’ असं कर.

लेखिकेचं वाक्य बरोबर आहे, बदलू नये. मैत्रिणीचा गोंधळही समजण्यासारखा आहे. इंदुरी हिंदीत ‘अपन’ म्हणजे ‘आपण सगळे’, आणि कान त्याला सरावलेले असतात. इथला ‘आपण’ मात्र आत्मवाचक आहे. ज्याच्या मनात विचार चालू आहे, त्याच्याकडेच तो बोट दाखवतो. मराठी कथाकाराच्या हातातलं हे फार मोलाचं साधन आहे.

तीन रूपं शेजारी ठेवून पाहा. ‘मी उगाच आले’ हे सुमनचे तिच्याच तोंडचे शब्द झाले. ‘ती उगाच आली’ यात वाचक सुमनच्या मनाबाहेर उभा राहतो, शिवाय दुसरी कोणी बाई आली का, म्हणून शोधू लागतो. ‘आपण उगाच आलो’ मध्ये निवेदक तृतीयपुरुषीच राहतो, पण नजर सुमनची होते.

क्रियापद अनेकवचनीच हवं: ‘आपण आलो’, ‘आपण परत जाऊ’. ‘आपण उगाच आले’ ही चूक वरचेवर दिसते. मनात ‘मी’ असतो आणि कागदावर ‘आपण’ उतरतो. क्रियापदातून लिंग कळत नाही, ते विशेषणातून आणता येतं: ‘आपण एकट्या पडलो’.

घोटाळा होतो तो दोन ठिकाणी. सुमनसोबत बहीण असेल, तर ‘सुमनला वाटलं, आपण निघावं’ यात एक निघणार की दोघी, हे कळत नाही. ‘आपण एकटीनेच निघावं’ किंवा ‘आपण दोघींनी निघावं’ असं उघड लिहावं. दुसरं, परिच्छेदाची सुरुवातच ‘आपण’ने झाली, तर वाचक तो स्वतःवर ओढून घेतो. आधी ‘वाटलं’, ‘लक्षात आलं’ यांसारख्या क्रियापदाने मन कोणाचं ते ठरवावं. एकदा ते ठरलं, की पुढची तीन-चार वाक्यं ‘वाटलं’शिवायही चालतात. मात्र त्याच परिच्छेदात बहिणीच्या मनात शिरू नये, कारण मग ‘आपण’चा मालक बदलतो आणि खूण काहीच उरत नाही.

‘आपला’ला हाच नियम लावला, तर दृष्टिकोन तपासण्याची कसोटी मिळते. ‘सुमनच्या लक्षात आलं. आपली पिशवी दुकानातच राहिली.’ हे चालतं, कारण ती गोष्ट सुमनला ठाऊक आहे. पण ‘सुमन भराभर राजवाड्याकडे निघाली. पिशवी दुकानातच राहिली होती, हे तिच्या ध्यानीही नव्हतं’ हे निवेदकाचं ज्ञान आहे. इथे दुसऱ्या वाक्यात पिशवीआधी काही घालायचंच असेल, तर ‘तिची’ घालावं. ‘आपली’ घातलं, तर सुमनला जे माहीत नाही तेच तिच्या मनात गेल्यासारखं वाटेल.

प्रथमपुरुषी कथेतही ‘मला वाटलं, आपण उगाच आलो’ हे शुद्ध मराठी आहे. तिथे ‘मी उगाच आले’पेक्षा स्वतःकडे जरा लांबून पाहिल्याचा भाव येतो.