वापरलेली बॅट, पॅड आणि स्पाइक्स परदेशातल्या माणसाला विकावेत का?

तुम्ही इंदूरहून विचारलंय की, मुलाची दोन वर्षं वापरलेली इंग्लिश विलो बॅट, पॅड आणि स्पाइक्सचे बूट मेलबर्नमधला एक जण घ्यायला तयार आहे. सांगितलेली किंमत त्याने लगेच मान्य केली, 'माझा एजंट घरून सामान उचलेल' असंही म्हणाला. तर पुढे जावं का?

विकायला हरकत नाही, पण या माणसाला नको.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बझारमध्ये राहतो. मुलाने इंजिनिअरिंगला गेल्यावर खेळ सोडला आणि त्याची बॅट कपाटामागे पडून राहिली. ऑनलाइन जाहिरात टाकली, तर दुसऱ्याच दिवशी परदेशातून निरोप: किंमत मंजूर, एजंट येईल. कोथिंबिरीच्या जुडीवर घासाघीस करणारा मी, पण एवढ्या मोठ्या रकमेवर समोरचा चकार शब्द काढत नाही याचं मला काहीच वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. मग बँकेसारखी दिसणारी एक मेल आली: तुमचे पैसे आलेत, पण चुकून वीस हजार जास्त आलेत; ते एजंटला पाठवा, की पूर्ण रक्कम मोकळी होईल. मी पाठवणारच होतो. मुलगा जेवता जेवता म्हणाला, "बाबा, त्याने बॅटचं वजन विचारलं का?"

नव्हतं विचारलं. जुनी बॅट घेणारा वजन विचारत नाही असं होतच नाही. नंतर इंग्लंडमधल्या लेस्टरचा जो खरा ग्राहक मिळाला, त्याने आठवडाभर डोकं खाल्लं. पौंड-औंसात वजन किती, टोकाला चीर आहे का, हँडलचा सांधा हलतो का, तेल कधी लावलं होतं. मुलाने स्वयंपाकघरातल्या काट्यावर बॅट आडवी ठेवली, १,१६० ग्रॅम, म्हणजे सुमारे २ पौंड ९ औंस. मग व्हिडिओ कॉलवर मोगरीने, म्हणजे लाकडी हातोडीने, बॅटच्या पोटावर ठोकून आवाज ऐकवला. टोकाशी एक बारीक चीर होती, तीही जवळून दाखवली आणि किंमत थोडी उतरवली. तुमच्या मेलबर्नकराला आज एवढंच लिहा: कॉलवर या, बॅट दाखवतो. बहुधा तो येणार नाही.

आता पैसे. माल निघण्याआधी पूर्ण रक्कम, आणि ती आपल्या खात्यात दिसली पाहिजे. मेल, स्क्रीनशॉट, बँकेच्या पावतीची प्रत हे सगळं कोणीही घरबसल्या बनवतो. बँकेतून बँकेत पैसे मागवायचे असतील तर त्याला तुमचं नाव, पत्ता, खाते क्रमांक आणि बँकेचा स्विफ्ट कोड (परदेशातून पैसे येताना लागणारी बँकेची ओळख) पुरतो. ओटीपी, पिन किंवा कार्डाचा नंबर लागत नाही, आणि पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करून पिन टाकायला सांगितलं तर फोन ठेवा. पैसे कशाचे हे बँक विचारते, तिथे मालाची विक्री असंच सांगायचं. पेपालने घेतलेत तर लक्षात ठेवा की ग्राहक १८० दिवसांपर्यंत तक्रार करू शकतो. म्हणून व्यवहारात दिसतो त्याच पत्त्यावर, ट्रॅकिंग असलेल्या सेवेनेच पाठवा आणि पावत्या जपून ठेवा. 'माझ्या भावाच्या पत्त्यावर पाठवा' म्हणाला तर सरळ नाही म्हणा. मनी ट्रान्सफरचे काउंटर घरच्यांनी पाठवलेल्या पैशांसाठी असतात, विक्रीसाठी नाहीत. आणि पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढे सरकण्याआधी अडवता आले तरच काही हाती लागतं.

दुसरा मोह म्हणजे 'गिफ्ट लिहा'. लेस्टरवाला सज्जन होता, तरी त्यानेही विचारून पाहिलं. मी नाही म्हटलं. एक तर ते खोटं. शिवाय कागदावर पाचशे रुपये लिहून पार्सल हरवलं, तर भरपाई त्या पाचशेच्या हिशेबानेच मिळणार. विकलेला माल पाठवणं म्हणजे निर्यातच, म्हणून मी आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीसाठी लागणारा सरकारी नंबर, काढून घेतला. एका जुन्या बॅटीसाठी एवढा खटाटोप कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण अर्ज डीजीएफटीच्या (परदेश व्यापार पाहणाऱ्या सरकारी खात्याच्या) संकेतस्थळावर होतो, शुल्क ५०० रुपये, आणि नंबर म्हणजे आपला पॅनच. पोस्टाच्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "काका, अंदर शुं छे?" म्हटलं, बॅट छे, जूनी. फॉर्मवरही तेच, जसंच्या तसं: वापरलेली क्रिकेट बॅट, खरी किंमत. त्यातच पार्सल पोचलं नाही तर परत पाठवायचं की सोडून द्यायचं, असा एक रकाना असतो. तो रिकामा ठेवू नका, आणि परतीचा खर्च कोणाचा हे ग्राहकाकडून आधीच लिहून घ्या.

(गंमत अशी की इंग्लिश विलोचं लाकूड इंग्लंडहून येतं, बॅट आपल्याकडे मेरठ-जालंधरात घडते, आणि आमची परत इंग्लंडलाच गेली. माहेरपणाला.)

पॅकिंगला जाड पुठ्ठा वापरा, लाकडी पेटी नको. कच्च्या लाकडाच्या पेटीला कीडमुक्तीची प्रक्रिया केल्याचा शिक्का लागतो, नाहीतर बंदरावर अडकते. टोकाला आणि हँडलला फोम, आणि तेलाची बाटली आत टाकू नका.

पॅड मात्र पाठवू नका. खासगी कुरिअरवाले आकारमानावर पैसे लावतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५,००० ने भागायचं. बॅटची १०० × १५ × १० ची पेटी ३ किलोची धरतात, हे परवडतं. पॅडची ७५ × ३० × २५ ची पेटी सव्वाअकरा किलोची होते, आत वजन दोन किलोसुद्धा नसतं. भाडं पॅडच्या किमतीवर जाईल. इंदुरात अकादमीतली पोरं हसत घेतील. तुमच्याकडे होळकर संघाच्या काळापासून क्रिकेटवेड्यांची वाण नाही. (१९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात आमच्या बडोद्याच्या विजय हजारे आणि गुल महंमद यांनी तुमच्या होळकरांविरुद्ध ५७७ धावांची भागीदारी केली होती. तो राग ठेवू नका.)

स्पाइक्सचंही तेच. ऑस्ट्रेलियात वापरलेल्या खेळाच्या सामानाला मातीचा कण चिकटलेला चालत नाही, पार्सल उघडून अडवतात. पाठवायचेच असतील तर खिळे काढा, जुन्या टूथब्रशने एकेक भोक घासा, दोन दिवस उन्हात वाळवा. बॅटही कोरड्या फडक्याने पुसून घ्या, हँडलच्या ग्रिपच्या कडेला माती अडकलेली असते.