इतकं पाळूनही साखर वाढतेच, मग करायचं तरी काय?

"गोळ्या वेळेवर घेते, चहा बिनसाखरेचा पिते, सकाळी चालून येते, तरी रिपोर्ट वाईटच. आता ते मशीन हातातही धरावंसं वाटत नाही." मधुमेह जुना झाला की हे गाऱ्हाणं समुपदेशनाच्या खोलीत हमखास येतं. पाठोपाठ प्रश्नही ठरलेला: हे डिप्रेशन आहे, की मीच आळशी झाले?

बहुतेकदा दोन्ही नसतं. रोजचं मोजमाप, पथ्य, पुढे काय होईल ही धास्ती आणि घरच्यांची बोलणी यांचा भार मनावर साचत जातो. त्याला डायबेटिस डिस्ट्रेस म्हणतात. तो डिप्रेशनपेक्षा वेगळा असतो आणि त्याच्यावरचे उपायही वेगळे असतात. पुढची हकिगत अशा अनेकींच्या अनुभवांतून जुळवलेली आहे. ओळख पटेल असं त्यात काही ठेवलेलं नाही.

मावशी अमळनेरकडच्या खेड्यातल्या, वय ५४, मधुमेहाला नऊ वर्षं झालेली. एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी, ९.४ आली आणि डॉक्टरांनी रात्रीचं इन्सुलिन सुरू केलं. त्यानंतर त्यांनी साखर तपासणंच सोडलं. बोलताना एकच वाक्य पुन्हा पुन्हा यायचं, "आते सुई लागनी, म्हंजे सरनं." म्हणजे, आता सुई लागली, सगळं संपलं.

अशा वेळी आहाराचा तक्ता पुढे सरकवणं ही सगळ्यात मोठी चूक. आधी दोन गोष्टी विचारायच्या: गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास होतं का, आणि एरवी आवडणाऱ्या गोष्टींतला रस गेला का? जीव नकोसा होतो का, हेही स्पष्ट शब्दांत विचारावं लागतं. घरात इन्सुलिन असताना तर नक्कीच. विचारल्याने तसला विचार डोक्यात भरत नाही. मावशींना नातवंडांत रस होता, शेजारणींसोबत पापड-बिबडे करण्यात होता. नको होतं ते फक्त मधुमेहाशी जोडलेलं सगळं. हा फरक महत्त्वाचा.

मग मधुमेहाचा मनावरचा भार मोजणारी पेड (PAID) नावाची प्रश्नावली घेतली. तिच्यात २० प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ४ गुण. बेरजेला १.२५ ने गुणायचं. ४० किंवा त्याहून जास्त आले की भार गंभीर समजायचा. मावशींची बेरीज ४४, म्हणजे ५५ गुण. पण एकूण गुणांपेक्षा ४ कुठे कुठे पडले ते पाहणं उपयोगाचं. त्यांचे ४ तीन ठिकाणी होते: पुढे काय होईल याची चिंता, पथ्य मोडल्यावर वाटणारा अपराधीपणा आणि घरचे समजून घेत नाहीत ही भावना. काम तिथूनच सुरू झालं.

सुईचा गैरसमज आधी काढला. टाइप २ मधुमेहात स्वादुपिंडाची इन्सुलिन बनवण्याची ताकद वर्षागणिक घटत जाते. कालपर्यंत पुरणारी गोळी आज पुरत नाही, यात पाळणाऱ्याचा दोष नाही. हे मावशींना नऊ वर्षांत कोणी सांगितलंच नव्हतं. "मग माझं चुकलं नव्हतं?" असं त्यांनी दोनदा विचारलं.

इन्सुलिन कसं घेता, ते करून दाखवायला सांगितलं. बेंबीच्या उजव्या बाजूला, रोज त्याच जागी. तिथे दुखत नाही म्हणून. न दुखण्याचं कारण म्हणजे तिथे चरबीची गाठ धरली होती. अशा गाठीत टोचलेलं इन्सुलिन कधी कमी शोषलं जातं, कधी उशिरा, आणि साखर कारण नसताना खालीवर होते. परिचारिकेने नवीन जागा आखून दिल्या: पोट, मांडी, प्रत्येक वेळी आधीच्या टोचणीपासून बोटभर अंतर, आणि इन्सुलिनच्या पेनचं बटण दाबल्यावर दहापर्यंत मोजून मगच सुई काढायची. जागा बदलल्यावर तोच डोस जास्त लागू पडतो आणि साखर एकदम उतरू शकते, म्हणून जागा बदलण्याआधी डॉक्टरांशी बोलणं भागच असतं. मावशींचा डोस तेव्हा डॉक्टरांनी कमी केला.

आता वही. मावशींच्या वहीत फक्त चांगले आकडे होते. लग्नाला गेल्या, गोड खाल्लं, की ते पान कोरं. शाळेत नापास झाल्याचं प्रगतीपुस्तक लपवावं, तसंच हे. समज अशी घातली की आकडा हा निकाल नाही, माहिती आहे. आणि माहिती हवी असेल तर ती जोडीने घ्यावी लागते. रोज उठून उपाशीपोटी एक आकडा पाहत बसण्यापेक्षा सलग चार दिवस एकाच जेवणाच्या आधी आणि जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी तपासायचं. आठच पट्ट्या लागतात.

पहिल्या दोन दिवशी दुपारी नेहमीचं जेवण: दोन कळण्याच्या भाकरी, शेवभाजी. आधी १४८, नंतर २४६. दुसऱ्या दिवशीही तसंच. पुढचे दोन दिवस एकच भाकरी, सोबत वांग्याचं भरीत, वाटीभर मुगाची उसळ आणि ताक. वाढ चाळीसच्या आसपास राहिली. कळण्याची भाकरी ज्वारी-उडदाची, म्हणून ती कितीही चालते असा आपल्याकडे समज आहे. ती चांगलीच आहे, पण खान्देशातली एक भाकरी म्हणजे इतरांच्या दीड. हे दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मावशींना तो टोमणा वाटला असता. त्यांनी ते स्वतःच्या मशीनवर पाहिलं, म्हणून पटलं.

खरी गाठ घरात होती. नवरा जेवताना ताटाकडे बघत राहायचा, पाहुण्यांदेखत "हिला वाढू नका" म्हणायचा. मग मावशी कोठीच्या खोलीत गूळ-शेंगदाणे खायच्या. लपून खाणं घाईने होतं, जास्त होतं आणि त्याचा हिशेब इन्सुलिनच्या डोसमध्ये धरलेलाच नसतो. नवऱ्याला आणि सुनेला एकत्र बसवलं, तेव्हा कळलं की नवऱ्याच्या थोरल्या भावाचा पाय मधुमेहात कापावा लागला होता. त्यांचा राग हा धास्तीचाच होता. ते बायकोसमोर त्यांनी पहिल्यांदाच बोलून दाखवलं, आणि मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

ठरलं ते अगदी साधं. ताट मावशी स्वतः वाढून घेतील. साखर किती आली हे कोणी विचारणार नाही. त्यांना सांगावंसं वाटलं तर त्या सांगतील. चारचौघांत पथ्याचा विषय बंद. नवरा रात्रीच्या जेवणानंतर सोबत पंधरा-वीस मिनिटं चालेल. आणि थरथर, घाम, अचानक चिडचिड दिसली तर वाद न घालता आधी तपासायचं. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. ज्याला घरचे "हिचा स्वभावच तापट" म्हणत होते, त्यातले काही प्रसंग साखर उतरल्याचे निघाले.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, तोंडावर होती. लेकी माहेरी येणार, खापरावरचे मांडे, आमरस. "खाऊ नका" म्हणून कोणाचा सण आजवर सुधारलेला नाही. डॉक्टरांना आधी विचारून बेत ठरला: सकाळी उपाशी राहायचं नाही, जेवणात पाव मांडा आणि अर्धी वाटी आमरस, वरून साखर न घातलेला, त्या जेवणात भाकरी आणि भात नाही, डाळ, भाजी, काकडी पोटभर, नंतर चालणं. दोन तासांनी २१२ आली. मावशींनी ती वहीत लिहिली आणि समोर ‘मांडा’ असंही लिहिलं.

थकवा मात्र हटेना, पायांना मुंग्या येत होत्या. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं घेणाऱ्यांत बी१२ हे जीवनसत्त्व कमी होऊ शकतं आणि त्याने थकवा, मुंग्या, उदासी येते. डॉक्टरांनी तपासलं, कमीच निघालं, उपचार झाले. मनाची प्रत्येक तक्रार मनातूनच येते असं धरून चालू नये.

तीन महिन्यांनी एचबीए१सी ८.३. ध्येय अजून दूर आहे. पेडचे गुण २७.५ झाले. अपराधीपणाचा ४ एकावर उतरला. पुढच्या चिंतेचा अजून ३ आहे, आणि थोरल्या दिरांकडे जाऊन आलं की दोन-तीन रात्री झोप लागत नाही. त्यासाठी डोळ्यांची आणि पायांची वर्षाची तपासणी ठरलेल्या महिन्यात करायची असं बांधून घेतलं आहे; काय झालंय ते कळलं की नुसत्या भीतीला लगाम बसतो.

उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप आणि भूक बिघडली, मुद्दाम डोस चुकवावासा किंवा जास्त घ्यावासा वाटला, तर समुपदेशनावर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जिल्हा रुग्णालयात तशी सोय विचारा. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेली मानसची १४४१६ ही सरकारी मोफत सेवा चोवीस तास सुरू असते. मराठीतही बोलता येतं.