सेवा दोन आठवडे, शिखर सहा दिवस: करिअरच्या हिशेबात काय धरायचं?

प्रश्न : मी मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजच्या विद्यार्थी गटाने पुढच्या सुट्टीत टांझानियाला जायचं ठरवलंय. आम्ही चौदा जण आहोत. एका कंपनीचं पॅकेज आहे: दोन आठवडे अनाथाश्रमात मुलांना शिकवायचं, मग सहा दिवसांत किलिमांजारो आणि शेवटी सफारी. सगळं संयोजन माझ्याकडे आहे. पुढे परदेशात मास्टर्स आणि नंतर सामाजिक संस्थेत नोकरी, असा माझा विचार आहे. त्यासाठी याचा किती उपयोग होईल? बाबा म्हणतात, ‘सेवेच्या नावाखाली सहल आहे ही.’ आई म्हणते, ‘जाऊ दे, चार गोष्टी शिकेल.’ मी काय करू?

उत्तर : आई-बाबा दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण दोघांचं लक्ष प्रवासावर आहे. माझं लक्ष तुझ्या पत्रातल्या एका छोट्या वाक्यावर गेलं: ‘सगळं संयोजन माझ्याकडे आहे.’ करिअरच्या दृष्टीने या साऱ्या खटाटोपातला भरीव भाग तोच, आणि तू तो जाता जाता सांगून मोकळी झालीस. त्याकडे येते. आधी पॅकेजमधली जी गोष्ट मला खटकली ती निकालात काढू.

अनाथाश्रमाचा भाग सरळ काढून टाक. ‘सेव्ह द चिल्ड्रेन’ या संस्थेच्या अंदाजानुसार जगभरातल्या अनाथाश्रमांत राहणाऱ्या दर पाच मुलांपैकी चार मुलांच्या आई-वडिलांपैकी निदान एक जण तरी हयात असतो. कंबोडियात २००५ ते २०१० या काळात अशा संस्थांची संख्या ७५ टक्क्यांनी वाढली, तीही तिथलं युद्ध संपून बरीच वर्षं झाल्यावर. मग एवढी मुलं आली कुठून? परदेशी पाहुणे येतात, पैसे देतात, मुलांबरोबर फोटो काढतात. पाहुणे हवेत म्हणून संस्थेला मुलं हवी असतात, आणि ‘शहरात शिक्षण देतो’ असं सांगून गरीब आईबापांकडून मुलं घेऊन येणारे दलाल गावोगाव फिरू लागतात. नेपाळमध्येही हेच झालं. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला तेव्हा अनाथाश्रमांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीची दखल त्या निमित्ताने घेतली गेली. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांवरच्या ठरावात अनाथाश्रम पर्यटन आणि तिथली स्वयंसेवा यांमुळे मुलांचं होणारं नुकसान रोखायला सांगितलं. आता संस्थेत नोकरीसाठी मुलाखतीला बसशील तेव्हा समोरच्याला हे सगळं ठाऊक असणार. तुझ्या अर्जातली ही ओळ तुझ्या बाजूने बोलेल असं तुला वाटतंय, ती तुझ्याविरुद्ध जाईल.

सगळ्याच संस्था लबाड असतात असं मी म्हणत नाही. पण जाहिरातीवरून बरी कोणती आणि वाईट कोणती हे चौदा विद्यार्थ्यांना ओळखता येणार नाही. शिवाय ज्या खरोखर चांगल्या असतात, त्या दोन आठवड्यांच्या पाहुण्यांना मुलांजवळ सोडत नाहीत. कंपनीने तुमची पोलीस पडताळणी मागितली आहे का? पत्रात तसा उल्लेख नाही, म्हणून विचारते. पैसे भरले की कुणालाही लहान मुलांत सोडणारी जागा कशी असेल, याचा अंदाज तुझा तूच कर.

आणि तू तर मानसशास्त्र शिकतेस. जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी जो अहवाल लिहिला, तो आईपासून तुटलेल्या आणि संस्थांमध्ये वाढणाऱ्या मुलांबद्दलच होता. पुढे अटॅचमेंट थिअरी, म्हणजे सांभाळणाऱ्या माणसाशी मुलाचं नातं कसं जुळतं याचा सिद्धांत, त्याच वाटेने उभी राहिली. तिथलं तीन-चार वर्षांचं मूल पहिल्याच दिवशी तुझा हात धरेल, मांडीवर येऊन बसेल, तू निघताना रडेल. केवढा लळा लागला याला, असं वाटून तुलाही भरून येईल. पण अनोळखी माणसाला इतक्या चटकन बिलगणं हे सांभाळणारी माणसं सतत बदलत राहिल्याचं लक्षण असू शकतं. पंधराव्या दिवशी तू निघणार आणि सोळाव्या दिवशी दुसरा गट येणार. त्यातून टांझानियातल्या सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीत चालतात. स्वाहिली न येता दोन आठवड्यांत तू त्यांना काय शिकवशील, ए फॉर अ‍ॅपल? ते त्यांनी आधीच्या आठ गटांकडून शिकून झालेलं असेल.

मग सेवा करूच नये का? जरूर करावी, पण आपलं अप्रशिक्षित असणं जिथे कुणाला महागात पडत नाही अशा ठिकाणी. कोस्टा रिकाच्या तोर्तुगुएरो किनाऱ्यावर १९५० च्या दशकात आर्ची कार या प्राणिशास्त्रज्ञाने हिरव्या कासवांचा अभ्यास सुरू केला, तो आजही चालू आहे. जुलै ते ऑक्टोबर या विणीच्या हंगामात तिथे स्वयंसेवक संशोधकांबरोबर रात्रीची गस्त घालतात. गडद कपडे घालायचे, साधा टॉर्च चालत नाही, लागलाच तर लाल दिवा, आणि मऊ वाळूतून तासन्‌तास चालायचं. मादी खड्डा उकरून अंडी घालायला लागली की तिला आजूबाजूचं फारसं भान राहत नाही. तेवढ्या वेळात एकाने खड्ड्याशी पालथं पडून अंडी मोजायची, ती शंभराच्या घरात असतात. दुसऱ्याने कवचाची लांबी घ्यायची, तिसऱ्याने वहीत टिपायचं. मोजणी चुकली तर पुन्हा संधी नाही, म्हणून बोलायचं नाही, विनोद करायचे नाहीत. काम कंटाळवाणं आहे. पण नोंदवहीत तुझ्या हातचे आकडे राहतात आणि ते कुणीतरी वापरतं.

तुला प्राण्यांत रस नसेल तर आंतरराष्ट्रीय श्रमशिबिरांचा पर्याय आहे. पिएर सेरेसोल या स्विस इंजिनिअरने पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, फ्रान्समधल्या व्हर्दंजवळच्या उद्ध्वस्त गावात पहिलं शिबिर भरवलं. मदतीला आलेल्यांत जर्मन तरुणही होते. त्यातून ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संस्था उभी राहिली आणि ती आजही शिबिरं घेते. साधारण दोन-तीन आठवड्यांची मुदत, वेगवेगळ्या देशांतले दहा-वीस जण, स्वयंपाक आणि भांडी स्वतःच करायची. एक सूचना: अशा शिबिरात चौदाच्या चौदा एकत्र जाऊ नका. दोघा-तिघांत वाटून जा, नाहीतर परदेशात जाऊनही तुम्ही आपापसातच गप्पा मारत बसाल. आणि बांधकाम असेल तर गवंडी काम कोण तपासणार हे विचारा. दिवसा विद्यार्थ्यांनी रचलेली भिंत रात्री स्थानिक कारागिरांनी उतरवून पुन्हा बांधली, असे प्रकार झालेले आहेत.

तुमच्यात कुणी वैद्यकीय शाखेचं असेल आणि पॅकेजमध्ये ‘दवाखान्यात मदत’ असा काही पर्याय असेल, तर त्याला सांग की बघायला हरकत नाही, पण हात लावायचा नाही. इथे ज्याची परवानगी नाही ते तिथे करू दिलं म्हणून ते योग्य ठरत नाही. अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने २०११ मध्येच यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. आपल्या पात्रतेबाहेरचे उपचार परदेशात केल्याचं अर्जात अभिमानाने लिहिणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

आता डोंगर. किलिमांजारोला जरूर जा, आणि त्याला मोहीमच म्हणा, सेवेची शाल पांघरू नका. पण सहा दिवस? शिखर ५८९५ मीटरवर आहे. विरळ हवेची शरीराला सवय व्हावी म्हणून सर्वमान्य नियम असा की ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. मारंगू वाटेवरचे मुक्काम बघ: मंदारा साधारण २७००, होरोम्बो ३७००, किबो ४७००. म्हणजे दर मुक्कामाला हजार मीटरची उडी, आणि त्यानंतर मध्यरात्री उठून शिखराकडे. सहा दिवसांच्या बेतात होरोम्बोला एक जादा रात्र मिळते, तेवढाच दिलासा. लेमोशोसारखी सात-आठ दिवसांची वाट घ्या. खर्च वाढतो हे मान्य, पण सफारी रद्द केली तर दिवसही निघतात आणि पैसेही. गटात यावर भांडण होणार. होऊ दे.

याहून मोठा धोका गटाचाच असतो. डोकं ठणकतंय, मळमळतंय, पण आपल्यामुळे तेरा जण अडतील म्हणून एखादा गप्प राहतो आणि सकाळी त्याला सरळ चालता येत नाही. त्यामुळे कुणी परत फिरायचं हे कोण ठरवणार, त्याच्याबरोबर खाली कोण जाणार, हे निघण्याआधी लेखी ठरव. तो निर्णय त्या गटातल्या सगळ्यात उत्साही माणसाकडे देऊ नकोस. विम्याची कागदपत्रं बारीक अक्षरांसकट वाच, कारण पुष्कळ प्रवास विम्यांत ठरावीक उंचीच्या वरची पदयात्रा वगळलेली असते. हमालांचं ओझं किती, हेही विचार. २० किलो ही तिथली मर्यादा आहे आणि ती पाळणारा माणूस बहुधा इतर गोष्टीही पाळतो. आणि टांझानियात पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा चालत नाही, बिनपगारी असली तरी. त्यासाठी वेगळा परवाना लागतो. कंपनी ‘कोण विचारतंय’ म्हणाली तर ती कंपनी सोड.

हे सगळं वाचून ‘बाप रे, केवढं काम!’ असं वाटलं असेल, तर मी सुरुवातीला म्हणाले ते हेच. चौदा जणांचं वेळापत्रक, अंदाजपत्रक, विमा, आणीबाणीची योजना, पालकांशी बोलणं, कंपनीशी घासाघीस, गटातली भांडणं. सामाजिक संस्थांमध्ये कार्यक्रम समन्वयक नावाचा जो माणूस असतो, तो वर्षभर हेच करतो. साहसी शिक्षणाच्या क्षेत्रात, विद्यापीठांच्या परदेशी विद्यार्थी विभागात, मदतकार्य करणाऱ्या संस्थांच्या सुरक्षा विभागात हेच काम पगारावर चालतं. तेव्हा कागद जपून ठेव: पहिलं आणि शेवटचं अंदाजपत्रक, धोक्यांची यादी आणि प्रत्येकावरचा उपाय, परत आल्यावर लिहिलेला अहवाल. अहवालात काय फसलं तेही लिही. जायच्या आधी दुर्गम भागातल्या प्रथमोपचाराचा कोर्स कर, मूळ कोर्स साधारण दोन दिवसांचा असतो. तो गटातल्या निदान तिघांनी केलेला असावा.

अर्जात हे कसं दिसतं ते सांगते. ‘आफ्रिकेतल्या मुलांच्या चेहऱ्यावरचं हसू पाहून माझं आयुष्य बदललं’ हे वाक्य प्रवेश समितीने इतक्यांदा वाचलेलं असतं की डोळा त्यावर थांबतच नाही. उलट, ‘ठरलेल्या पॅकेजमध्ये अनाथाश्रम होता. तो का नको हे मी गटाला पटवलं, मोहिमेचे दिवस वाढवण्यासाठी सफारी सोडायला लावली, चौदापैकी दोघांना चार हजार मीटरवरून परत पाठवायचा निर्णय घेतला’ असं खरोखर घडलेलं लिहिलंस, तर मुलाखतीत पुढचे दहा प्रश्न त्यावरच येतील. २०१६ मध्ये हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातून प्रवेश प्रक्रियेवर एक अहवाल आला होता. लांबच्या देशातल्या चमकदार सेवेपेक्षा आपल्या परिसरात निदान वर्षभर सलग केलेल्या कामाला महत्त्व द्या, असा त्याचा रोख होता. तो पदवीच्या प्रवेशांबद्दल होता, पण मास्टर्सवाले किंवा नोकरी देणारे याहून वेगळा विचार करतात असा माझा अनुभव नाही. म्हणून परत आल्यावर, खरं तर आत्तापासूनच, घराजवळच्या एखाद्या हेल्पलाइनवर, समुपदेशन केंद्रात किंवा शाळेत आठवड्याचे दोन-तीन तास लावून घे. ते जमत नसेल तर संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक विभागाचा ऑनलाइन कार्यक्रम आहे. अठरा वर्षांवरच्यांना मोफत नाव नोंदवता येतं, घरबसल्या भाषांतर, माहितीची मांडणी, लेखन अशी कामं मिळतात. परदेशी संस्था आतून कशी चालते हे त्यातून दोन आठवड्यांच्या पाहुण्यापेक्षा जास्त कळतं.

राहिले बाबा. त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्यांना नवीन अंदाजपत्रक आणि आणीबाणीची योजना वाचायला दे आणि चुका काढायला सांग. जो माणूस ‘सेवेच्या नावाखाली सहल’ एवढं नेमकं बोलतो, तो चुकाही नेमक्या काढेल. आईला मात्र एवढंच सांग की मारंगूने सहा दिवसांत जाणार नाही.

पॅकेजची आगाऊ रक्कम अजून भरली नसशील तर आधी कंपनीला ईमेल कर: पडताळणी कुणाची करता, परवाना कोणता काढता, आमच्या पैशातले किती संस्थेपर्यंत पोचतात आणि डोंगरावर परत फिरायचा निर्णय कुणाचा. फोनवर विचारू नकोस, लेखीच माग. उत्तरात मुलांचे हसरे फोटो आले तर दुसरी कंपनी शोधायला लाग.