वाचक विचारतात: कॅमेऱ्याच्या विमानाला कुठला गिअरबॉक्स, कुठला प्रॉप (प्रोपेलर)?

प्रश्न: नमस्कार सर. माझं रिमोटवर उडणारं फोमचं विमान आहे, बॅटरी आणि कॅमेरा धरून ९०० ग्रॅम, पंखांचं क्षेत्रफळ साधारण ३० चौरस डेसिमीटर. मोटर २२०० केव्हीची (म्हणजे बिनलोड एका व्होल्टला मिनिटाला २२०० फेरे) ब्रशलेस, बॅटरी ३ सेल २२०० एमएएच लायपो आणि ६ बाय ४ चा प्रॉप थेट मोटरच्या शाफ्टवर. कॅमेरा नव्हता तोवर मस्त उडायचं, आता हातातून सोडलं की खाली बसतं, वर चढायला फुल थ्रॉटल लागतो, वॉटमीटरवर १६ अँप दिसतात आणि ६-७ मिनिटांत बॅटरी संपते. माझ्याकडे अडीचास एक आणि चारास एक असे दोन गिअरबॉक्स पडून आहेत. कुठला लावू आणि प्रॉप किती इंची घेऊ?

उत्तर: तुम्ही सुरुवात गिअरबॉक्सपासून करताय, सगळेच करतात, मीही पहिल्यांदा तेच केलं होतं. पण आधी विमानाला विचारा की बाबा तुला किती वेगाने उडायचंय, त्यावरून प्रॉप ठरवा आणि तो प्रॉप हवा तेवढा फिरवायला कुठला गिअर लागतो ते शेवटी बघा.

तुमच्या वजनाला आणि पंखाला हे विमान ताशी २४-२५ किलोमीटरच्या खाली गेलं की स्टॉल होणार, म्हणजे पंखांची उचल सुटून खाली बसणार. फोटो काढायला तुम्ही ४० च्या आसपास उडवणार. आता प्रॉप किती वेगाचा आहे ते बघायचा सोपा हिशोब म्हणजे पिच (प्रॉप एका फेऱ्यात जेवढा पुढे सरकेल ते अंतर, ६ बाय ४ मधला दुसरा आकडा) इंचात गुणिले मिनिटाचे फेरे गुणिले ०.००१५, उत्तर ताशी किलोमीटरमध्ये. तुमचा ६ बाय ४ अंदाजे साडेसतरा हजार फेरे घेत असणार, म्हणजे पिच स्पीड झाला १०५ च्या पुढे!! विमान चाळीसने जातंय आणि प्रॉप शंभरच्या तयारीत बसलाय, म्हणजे थोडीशी हवा प्रचंड जोरात मागे फेकतोय आणि ताकद त्यातच वाया जातेय. हळू विमानाला उलटं हवं असतं, भरपूर हवा सावकाश ढकलायची, म्हणजे मोठा प्रॉप कमी फेऱ्यांवर. अशा विमानाला पिच स्पीड स्टॉलच्या अडीचपट, फार तर तिप्पट ठेवावा, तुमच्यासाठी तो ६०-७० च्या घरात येतो.

गिअरबॉक्स म्हणजे काय जादू नाही, तो फक्त केव्हीला भागतो. २२०० भागिले २.५ म्हणजे ८८०, प्रॉपच्या दृष्टीने तुमची मोटर आता ८८० केव्हीची झाली. लोडखाली बॅटरी १०.८ व्होल्ट धरली तर बिनलोड साडेनऊ हजार फेरे होतात, त्यावर १० बाय ५ चा प्रॉप लावला की ते साधारण साडेसात हजारांवर येतात. पिच स्पीड ५७-५८, जवळजवळ जिथे हवा तिथेच. उभ्या जागी थ्रस्ट (विमान ओढणारा जोर) पावणेआठशे-आठशे ग्रॅम मिळेल आणि करंट १२-१३ अँप. आत्ता १६ अँप खाऊन तुम्हाला मिळतोय जेमतेम पावणेसहाशे ग्रॅम. हे आकडे कागदावरचे आहेत, पाच-दहा टक्के इकडेतिकडे होणारच, म्हणून पहिल्यांदा वॉटमीटर लावूनच फिरवा आणि अर्ध्या मिनिटाने मोटरला हात लावून बघा, बोट ठेववत नसेल तर प्रॉप एक इंचाने कमी करा.

चारास एक वर हाच १० बाय ५ लावलात तर तो पाच हजारांच्या जरा वर फिरेल, थ्रस्ट चारशे ग्रॅमला अडकेल आणि विमान हातातून निघणारच नाही. त्या गिअरला १२ बाय ८ सारखा प्रॉप लागतो. चालतो तोही, पण पोटावर उतरणाऱ्या विमानाला १२ इंची प्रॉप म्हणजे दर लँडिंगला एक तुकडा, शिवाय सोडताना विमान एका बाजूला कलंडतं ते वेगळंच. मी तरी अडीचास एकच लावेन.

एक गोष्ट इथे हमखास चुकते. दुकानात १० बाय ४.७ चा स्लो फ्लाय प्रॉप दिसेल आणि वाटेल की हाच आपला, पण त्याची पाती पातळ असतात, १० इंचीला साडेसहा हजार फेऱ्यांच्या वर नेऊ नये असं बनवणारेच सांगतात आणि तुम्ही तर साडेसात हजारांवर जाणार. जरा जाड पात्याचा साधा इलेक्ट्रिक प्रॉपच घ्या.

उडायच्या वेळेचं म्हणाल तर सरळ उडताना या विमानाला दीडशे ग्रॅमच्या आसपासच थ्रस्ट पुरतो, म्हणजे ४ अँपच्या जवळपास. बॅटरीतले वीस टक्के शिल्लक ठेवले तरी वीस-पंचवीस मिनिटं निघावीत, वारा असेल तर कमी.

प्रश्न: गिअरबॉक्स लावल्यापासून व्हिडिओ जेलीसारखा हलतोय, गिअरच खराब आहे का?

उत्तर: आधी प्रॉप बॅलन्स केलाय का ते सांगा! बहुतेक वेळा चोर तोच असतो. प्रॉप बॅलन्सरवर ठेवा, जे पातं वर जातं ते हलकं, त्याच्या मागच्या बाजूला सेलोटेपचा तुकडा चिकटवत जा, कुठल्याही कोनात स्थिर राहिला की झालं. मग गिअर. पिनियन (मोटरवरचं छोटं गिअर) आणि मोठं गिअर फार घट्ट बसवलं की किरकिर आणि करंट दोन्ही वाढतात, फार सैल असेल तर दात जातात. दोघांच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून बसवायचं, स्क्रू आवळायचे आणि पट्टी फिरवून काढून घ्यायची, एवढीच फट पुरते. शाफ्ट वाकडा असेल तर मात्र बदला, सरळ करत बसू नका, मी दोन संध्याकाळी घालवल्यात त्यात. कॅमेरे एक फ्रेम ओळीओळीने वाचतात, त्यामुळे बारीकशी थरथरसुद्धा चित्रात लाट होऊन दिसते, म्हणून कॅमेरा थेट बॉडीला न चिकटवता मऊ फोमवर बसवा.

प्रश्न: गिअर लावल्यावर विमान मागे ढकललं जातंय, प्रॉप उलटा बसवू का?

उत्तर: नको, प्रॉप उलटा बसवला तरी हवा त्याच बाजूला फेकतो, फक्त वाईट फेकतो. दोन चाकांच्या साध्या गिअरबॉक्समध्ये शाफ्ट मोटरच्या उलट फिरतो, प्लॅनेटरीत (मधल्या चाकाभोवती छोटी चाकं फिरतात त्यात) तसं होत नाही. ब्रशलेस मोटरच्या तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करा, काम झालं. प्रॉपवरची अक्षरं कायम विमान जातं त्या दिशेला, मग तो पुढे असो की मागे. आणि हे तपासताना प्रॉप काढून ठेवा, शाफ्टला टेपचा झेंडा लावला तरी दिशा कळते.

प्रश्न: नवीनच घ्यायचं असेल तर गिअरबॉक्स घ्यावा का?

उत्तर: नाही. ८५०-९०० केव्हीची आउटरनर (बाहेरचं कवच फिरतं ती मोटर) घ्या, तोच १० बाय ५ थेट लावा. मोटर थोडी जड पडेल, पण किरकिर नाही आणि दात मोजायचे नाहीत. पहिल्या प्रश्नातल्या वाचकांकडे गिअरबॉक्स घरातच पडून होते म्हणून एवढं सांगितलं.