बाबांनी स्क्रीनवर आलेल्या 'मायक्रोसॉफ्ट'च्या नंबरला फोन करून एनीडेस्क (दुसऱ्याला लांबून आपला कम्प्युटर चालवू देणारं ॲप) टाकलं, खात्यातून पैसे गेले. नागपुरात तक्रार कुठे करू?

आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा, आत्ताच, ठाणं कोणतं, सीताबर्डी की धंतोली, या घोळात पडू नका, कारण पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत तक्रार गेली तरच ते अडवता येतात. मग बँकेला सांगून कार्ड, नेटबँकिंग, यूपीआय सगळं बंद करा आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर लेखी तक्रार टाका, व्यवहाराचा नंबर जवळ ठेवा. कम्प्युटरचं वायफाय बंद करून एनीडेस्क काढा, पासवर्ड मात्र दुसऱ्या फोनवरून बदला. मी इथे लॅपटॉप दुरुस्तीच करतो, विंडोजच्या खऱ्या एररमध्ये फोन नंबर कधीच नसते, तो भोंगा वाजवणारा लाल पडदा म्हणजे नुसतं ब्राउझरचं पान राहते, टास्क मॅनेजरमधून बंद होते (बाबांवर चिडू नका, चांगले शिकलेले लोकंही फसतात). फक्त एक, ओटीपी बाबांनी स्वतः दिला असेल तर रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये आणलेल्या नियमाप्रमाणे बँकेला कळवण्याआधीचं नुकसान त्यांचंच धरल्या जाते, कळवल्यानंतर गेलेलं बँकेचं, म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.