बाबा खुर्चीतून उठतच नाहीत

प्रश्न : माझे वडील ७६ वर्षांचे. हृदयाची महाधमनीची झडप फार आकसली होती म्हणून जांघेतून नळी घालून नवी बसवली. त्याला सहा आठवडे झाले. परवाच्या इकोत झडप छान चालते आहे म्हणाले. पण बाबा दिवसभर खुर्चीत. आई त्यांना पाण्याचा तांब्याही उचलू देत नाही. घरी सोडतानाच्या कागदावर ‘हलका व्यायाम’ एवढंच लिहिलंय. म्हणजे किती? – एक वाचक, कराड

उत्तर : आधी आईंवर चिडणं थांबवा. त्यांनी बाबांना जिन्याच्या मधल्या पायरीवर कठडा धरून धापा टाकताना पाहिलंय. एरवी ३ ते ४ चौरस सेंटिमीटर उघडणारी ही झडप १ च्याही खाली आली की आजार तीव्र समजतात. तेव्हा जोर केला की वाढीव रक्त त्या फटीतून पुढे जात नाही, माणूस चक्कर येऊन पडतो. त्या वेळची बंदी बरोबरच होती. ती आता उठली, हे मात्र घरात कुणी सांगितलेलं दिसत नाही. आमच्या क्षेत्रातलं हे नेहमीचं दुखणं : झडपेचे कागद चार, चालण्याबद्दल दोन शब्द.

आता अडचण मांड्यांची आहे. आजारपणात बसून बसून त्या वाळतात, आणि नवी झडप काही त्या परत भरून देत नाही.

भिंतीला टेकवून हातांची पक्की खुर्ची ठेवा, प्लास्टिकची नको. बसायच्या जागी गोधडीची घट्ट घडी घाला म्हणजे उंची वाढेल. पाय थोडे मागे, अंग पुढे झुकवून उठायचं, सावकाश बसायचं. पाच वेळा, दिवसातून दोनदा. उठताना आकडा मोठ्याने म्हणायचा, कारण म्हातारी माणसं जोर करताना हटकून श्वास कोंडतात. जमायला लागलं की गोधडीची एकेक घडी कमी करा. माझ्याकडच्या एका आजींना ती पूर्ण काढायला पाच आठवडे लागले. त्या दिवशी त्यांनी गोधडी माझ्याच हातात दिली. बाबांच्या वयाच्या पुरुषाला हात छातीशी धरून ३० सेकंदांत ११ वेळा उठता येत नसेल, तर पाय कमजोर आहेत असं आम्ही धरतो. ही परीक्षा घरी घेऊ नका, फिजिओथेरपिस्टसमोर होऊ द्या. पहिली दोन-तीन सत्रंही तिथेच, बीपी मोजत.

चालणं घरातल्या घरात, पाच-पाच मिनिटं, तीनदा. दर दोन-तीन दिवसांनी मिनिटभर वाढवा. चालताना गप्पा मारता याव्यात, अभंग मात्र म्हणता येऊ नये, इतपत वेग पुरे. मनगटावरच्या घड्याळातले ठोके बघत बसू नका. नाडी संथ ठेवणारी गोळी चालू असेल तर ते आकडे फसवतात.

छातीत दाब, चक्कर, धडधड झाली की तिथेच थांबा. विश्रांतीनेही दाब गेला नाही, तर थेट दवाखाना. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलं किंवा पावलं सुजली तरी डॉक्टरांना फोन करा. रक्त पातळ करणारी गोळी असेल आणि डोक्यावर पडले, तर ‘काही झालं नाही’ म्हणाले तरी दाखवून आणा.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी : छाती उघडून ऑपरेशन झालं असेल तर हाड सांधेपर्यंत, म्हणजे दोन-तीन महिने, हातांवर जोर देऊन उठणं आणि ओझं उचलणं वर्ज्य. आणि ज्यांची झडप अजून बदललेली नाही, त्यांनी यातलं काहीही मनाने सुरू करू नये.

तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारून सोमवारपासून लागा. आईंना समोर बसवा आणि आकडे मोजायचं काम त्यांना द्या. पाच झाले की पाणी बाबांनी स्वतः ओट्यावरून आणायचं, दोघांसाठी.