तुमचे प्रश्न : आधीचा आजार आधी सांगा

या वेळच्या पत्रांत एकच कोडं वेगवेगळ्या रूपात आलंय, आजार तर तोच मग एकाला गोळ्या देऊन घरी आणि दुसऱ्याला थेट अ‍ॅडमिट, एकाला एक टेस्ट आणि दुसऱ्याला चार, असं का. बहुतेक वेळा कारण हेच असतं की त्या दुसऱ्या माणसाला आधीपासून काहीतरी आहे. कोविडच्या काळात ‘सहव्याधी’, ‘को-मॉर्बिड’ हे शब्द घरोघरी पोचले, पण कल्पना जुनी आहे, अल्व्हान फाइनस्टाइन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७० मध्ये ‘को-मॉर्बिडिटी’ हा शब्द वापरात आणला. कोविडमुळे डोक्यात एवढंच बसलं की सहव्याधी म्हणजे धोका जास्त. ते खरंय, पण अर्धंच खरंय. आधीचा आजार नव्या आजाराची लक्षणं बदलतो, रिपोर्टमधल्या आकड्याचा अर्थ बदलतो, औषधं बदलायला लावतो, आणि लोकांच्या हे लक्षातच येत नाही याची मला जास्त काळजी वाटते.

प्रश्न : आईला डेंगू झाला, वय ६३, शुगर आणि बीपी दोन्ही जुनं. त्याच आठवड्यात माझ्या चुलतभावालाही झाला, तो २६ चा. त्याच्या प्लेटलेट आईपेक्षा कमी होत्या तरी त्याला घरी पाठवलं, आणि आईला ना उलटी ना पोटदुखी तरी ठेवून घेतलं. आम्हाला वाटलं उगाच बिल वाढवतायत. तुम्हाला काय वाटतं?

ताई, शंका येणं साहजिक आहे, पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला तरी डॉक्टरांचा निर्णय बरोबर वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या डेंगू गाइडलाइनमध्ये पेशंटचे तीन गट केलेत, पहिला घरी पाठवायचा, दुसरा हॉस्पिटलमध्ये नजरेखाली ठेवायचा, तिसरा इमर्जन्सी. दुसऱ्या गटात धोक्याची लक्षणं असलेले तर येतातच, पण एकही लक्षण नसलेले शुगरवाले, किडनीवाले, खूप वजन असलेले, गरोदर बायका, तान्ही बाळं आणि वयस्कर माणसंही येतात. तुमच्या आई या यादीत दोनदा बसतात, शुगरमुळे आणि वयामुळे.

आता का, ते सांगतो. डेंगूत सगळ्यांचं लक्ष प्लेटलेटवर असतं पण जीवावर बेततं ते बहुतेक वेळा रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपल्यामुळे, आणि हे झिरपणं सुरू होतं साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरायला लागतो तेव्हा. म्हणजे ‘उतरला बुवा एकदाचा ताप’ म्हणून घरचे जरा निर्धास्त होतात नेमके तेच २४ ते ४८ तास सगळ्यात नाजूक असतात. तरुण माणसाचं शरीर हा धक्का बऱ्यापैकी सोसतं आणि बिघडायला लागलं तर तसं दाखवतंही. आईंच्या बाबतीत ते दिसेलच असं नाही. समजा त्यांचं रोजचं वरचं बीपी १५० असतं आणि डेंगूत ते ११० झालं, तर कागदावर ११० नॉर्मल, चुलतभावासाठी तर खरंच नॉर्मल, पण आईंच्या शरीराला सवय १५० ची, त्यांच्यासाठी ते ४० ने खाली आलेलं आहे आणि किडनीला रक्त कमी पडायला लागलेलं असू शकतं. त्यात त्या बीपीसाठी अ‍ॅटेनोलोल, मेटोप्रोलोल अशी शेवटी ‘लोल’ येणारी गोळी घेत असतील तर नाडी हवी तशी वाढतच नाही, आणि नाडी वाढणं हा शॉकचा, म्हणजे अवयवांना रक्त कमी पडायला लागल्याचा, अगदी सुरुवातीचा इशारा असतो. तोच दाबला जातो.

मग सलाइनचा प्रश्न. डेंगूत सलाइन हेच मोठं औषध, पण ज्यांचं हृदय किंवा किडनी थकलेली आहे त्यांना कमी दिलं तर शॉक आणि जास्त दिलं तर फुप्फुसात पाणी, त्यामुळे पुन्हा पुन्हा हिमॅटोक्रिट (रक्त किती दाट झालंय ते सांगणारी टेस्ट) बघून, लघवी मोजून मापात द्यावं लागतं, आणि ते घरी होत नाही. शुगरही अशा तापात वरखाली होते. आणखी एक, हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती पहिल्याच दिवशी सांगा, स्वतःच्या मनाने बंदही करू नका आणि लपवूही नका.

प्रश्न : भावाला टीबी निघाला. लगेच शुगर आणि एचआयव्ही पण तपासायला सांगितलं. एचआयव्हीचं नाव ऐकून घरातलं वातावरण बिघडलं, वहिनी दोन दिवस बोलली नाही. एचआयव्ही निगेटिव्ह आली, पण उपाशीपोटी शुगर १४८. म्हणजे आता डायबिटीस पण मागे लागला का?

आधी वहिनींना सांगा, टीबी निघालेल्या प्रत्येकाला एचआयव्हीची टेस्ट सुचवली जाते, कुणाच्या चारित्र्यावर संशय म्हणून नाही. टीबीचे जंतू शरीरात असणारे लोक खूप असतात, त्यातल्या बहुतेकांना आजार कधीच होत नाही कारण प्रतिकारशक्ती त्यांना दाबून ठेवते. ती कशामुळे कमी पडली हे शोधायचं असतं, आणि एचआयव्ही आणि डायबिटीस ही त्यातली दोन मोठी कारणं. डायबिटीस असेल तर टीबी होण्याचा धोका साधारण दोन ते तीन पट वाढतो, उपचार चालू असताना मृत्यूचा आणि बरं झाल्यावर टीबी उलटण्याचा धोकाही जास्त. म्हणून २०११ पासून जागतिक आरोग्य संघटना सांगतेय की तपासणी दोन्ही बाजूंनी करा, टीबीवाल्याची शुगर बघा आणि जिथे टीबी खूप आहे तिथे शुगरवाल्याला खोकल्याबद्दल विचारा.

आता १४८. उपाशीपोटी १२६ आणि त्यावर म्हणजे डायबिटीसच्या पट्ट्यात, हे खरं, पण एका रिपोर्टवर लगेच शिक्का मारू नका. मोठं इन्फेक्शन चालू असताना शरीर जे हार्मोन सोडतं त्याने शुगर चढते आणि इन्फेक्शन आटोक्यात आलं की काहींची खालीही येते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी करतात, ६.५ किंवा जास्त म्हणजे डायबिटीस, पण ही टेस्ट लाल पेशींवर चालते, त्या साधारण १२० दिवस जगतात, आणि टीबीवाल्यांना अ‍ॅनिमिया असतोच असतो म्हणावं इतका कॉमन, मग हा आकडाही फसवू शकतो, लोह कमी असेल तर खोटा वर आणि पेशी लवकर मरत असतील तर खोटा खाली. म्हणून एचबीएवनसीचा रिपोर्ट दाखवताना हिमोग्लोबिनचा कागद सोबत ठेवा, उपाशीपोटीची शुगर पुन्हा करा आणि टीबीचा कोर्स संपल्यावर परत एकदा बघा. मधल्या काळात शुगर वाढलेली असेल तर तिचे उपचार मात्र थांबवायचे नाहीत. आणि टीबीच्या औषधातलं रिफाम्पिसिन शुगरच्या काही गोळ्यांचा, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइडचा, असर कमी करतं, त्यामुळे ‘गोळी रोज घेतोय तरी शुगर वाढतेय’ असं झालं तर भावावर पथ्य मोडल्याचा आरोप करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

याच पत्राच्या निमित्ताने एक सांगतो. इतरांना दोन आठवडे खोकला राहिला तर टीबी तपासा म्हणतात, पण एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांना दोन आठवडे थांबायचंच नसतं. खोकला, ताप, वजन उतरणं, रात्री घाम, यातलं एक जरी असेल, कितीही दिवसांचं असेल, तरी तपासणी, कारण त्यांच्यात एक्स-रे साफ दिसूनही टीबी असू शकतो.

प्रश्न : वडिलांना अटॅक आला पण छातीत दुखलंच नाही. मळमळतंय म्हणाले, आम्ही अ‍ॅसिडिटीची गोळी दिली आणि चार तास गेले. ते गेले. शुगर वीस वर्षं होती. आमचं चुकलं का?

दादा, तुमचं चुकलं नाही. हे आम्हा डॉक्टरांनाही फसवतं. एकदा एक गृहस्थ चालत आत आले, वय साठीच्या आसपास, खुर्चीत बसले आणि म्हणाले गॅस झालाय, एखादं इंजेक्शन द्या. पंखा फुल चालू होता, बाकी सगळे आरामात बसलेले, आणि यांच्या शर्टाची कॉलर ओलीचिंब. सिस्टरने विचारलं शुगर आहे का, तर म्हणाले आहे पण कंट्रोलमध्ये आहे. ईसीजीचा कागद मशीनमधून पूर्ण बाहेर यायच्या आत कळलं की अटॅक चालू आहे. वर्षानुवर्षांच्या शुगरने नसा बोथट होतात, पायाच्या होतात तशा हृदयाकडून वेदना पोचवणाऱ्याही होतात, मग दुखत नाही, फक्त घाम, धाप, मळमळ किंवा एकाएकी गळून गेल्यासारखं वाटतं.

घरात आणखी कुणी शुगरवालं असेल तर या चारपैकी काहीही अचानक झालं की गोळी देऊन वाट बघू नका, ईसीजी. पहिला नॉर्मल आला तरी काही तासांनी परत ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं ते प्रोटीन). किडनी खराब असलेल्यांचं ट्रोपोनिन एरवीही वाढलेलं असू शकतं, तिथे एका आकड्यावरून ठरवत नाहीत, तो चढतोय का ते बघतात.

प्रश्न : सासरे ७२, सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुना आजार) आहे. ऑक्सिमीटरवर ९० दाखवतं. घाबरून ऑक्सिजन वाढवला तर डॉक्टर रागावले.

रागावायला नको होतं, समजावून सांगायला हवं होतं. सीओपीडीच्या बऱ्याच पेशंटमध्ये, विशेषतः ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, ८८ ते ९२ हेच टार्गेट धरतात. जास्त ऑक्सिजनने तो कार्बन डायऑक्साइड आणखी वाढतो आणि माणूस गुंगीत जाऊ शकतो. सासऱ्यांचं टार्गेट किती ते डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि ऑक्सिमीटरच्या डबीवरच चिकटवा. त्याच्या खाली गेलं, धाप वाढली किंवा ते गुंगीत वाटले तर लगेच न्यायचं.

प्रश्न : आजी ८४ वर्षांची, हार्ट फेल्युअर आणि किडनीचा त्रास. कॅन्सरची तपासणी म्हणून मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे), कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करून घ्यावी असं काका म्हणतात. करावी का?

त्रास काहीच नसेल तर माझ्या मते नको. अशा तपासणीचा फायदा दिसायला साधारण दहा वर्षं लागतात, आणि त्रास मात्र आजचा आज होतो, कोलोनोस्कोपीआधी पोट साफ करायच्या औषधाने पाण्याचं आणि क्षारांचं गणित बिघडतं, जे आजींच्या हृदयाला आणि किडनीला सोसणार नाही. काकांची माया कळते. पण गाठ लागली, रक्त पडलं, वजन उतरायला लागलं तर ती स्क्रीनिंगची, म्हणजे त्रास नसताना करायच्या तपासणीची, गोष्ट राहत नाही, तेव्हा वय न बघता दाखवायचं आणि काय झेपेल ते डॉक्टरांशी बसून ठरवायचं.

प्रश्न : दर वेळी नवीन डॉक्टर तेच तेच विचारतात. फाइल आहे ना, मग?

फाइल जाड असते आणि इमर्जन्सीत ती घरी असते. एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा, कुठले आजार आणि किती वर्षांपासून, चालू गोळ्या डोससकट, शेवटचं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि त्याची तारीख, एरवीचं बीपी आणि ऑक्सिजन, कशाची अ‍ॅलर्जी. स्टेरॉइड चालू असेल तर मोठ्या अक्षरात, कारण त्याने ताप दबतो आणि इन्फेक्शन दिसत नाही, शिवाय ते एकदम बंद करणंही धोक्याचं. आणि गुडघ्यासाठी दुकानातून परस्पर आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या लिहायच्या राहतातच, विचारलं तर लोक म्हणतात ते काय औषध आहे का, पण किडनी अचानक का बिघडली हे शोधताना कितीतरी वेळा त्याच सापडतात, त्या पण लिहा.